खर्ज आवरा, मग फाडा

मेटल वाजवू लागलेली मुलं मला हमखास विचारतात, "दादा, सगळ्यात जास्त फाटणारं ओव्हरड्राइव्ह पेडल कुठलं?" मी सांगतो, फाडायला तुमचा अँप समर्थ आहे. पेडल घ्यायचं ते अँपमध्ये शिरणारा खर्ज आवरायला.

मला हे उमगलं तालमीच्या खोलीत. घरी एकट्यानं वाजवताना भरदार वाटणारी रिफ ड्रम आणि बेस सुरू होताच गढूळ झाली. उजव्या तळव्याची कड घोडीपाशी तारांवर टेकवून मारलेला प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला हवा. माझे ठोके एकमेकांत मिसळून नुसते घुमत होते. अँपवरचा बेसचा नॉब उतरवला, तर आवाज बारीक झाला आणि गढूळपणा तसाच राहिला. मार्शल जेसीएम ८०० काय किंवा पीव्ही ५१५० काय, अशा अँपमध्ये टोनचे नॉब येतात ते आवाज बराचसा फाटून झाल्यावर. तोवर खर्जानं वरच्या स्वरांचाही चिखल केलेला असतो. म्हणून त्याला अडवायचं ते अँपच्या दारातच.

आयबानेझचा हिरवा ट्यूब स्क्रीमर नेमकं हेच करतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमधून आलेलं हे छोटं पेडल. त्याच्या आतल्या रचनेत साधारण ७२० हर्ट्झच्या खाली जसजसं उतरावं, तसतशी आवाजाला मिळणारी वाढ कमी होत जाते. गिटारची सर्वांत जाड तार वाजते ८२ हर्ट्झला, सात तारांच्या गिटारची सातवी ६२ च्या आसपास. म्हणजे घुमणारा भाग मागे राहतो आणि मधला पट्टा पुढे येतो. ड्राइव्ह शून्यावर किंवा त्याच्या जवळ, लेव्हल जवळजवळ पूर्ण, टोन मध्यावर, एवढं केलं की ठोक्याला धार येते. १९८१ चं बॉसचं पिवळं एसडी-१ याच वळणाचं आहे आणि खिशाला परवडतं. सुरुवातीला मी तेच घ्यायला सांगतो. या पेडलांमधली कुठली चिप जुनी, कुठली अस्सल, या वादात पैसे घालवू नका. ड्राइव्ह शून्यावर असताना तो फरक फारच थोडा उरतो. मूळ आवाजाला धक्का न लावणारी म्हणून नावाजलेली ओव्हरड्राइव्ह पेडलं मात्र या कामाची नाहीत, कारण ती खर्ज जसाच्या तसा पुढे पाठवतात.

स्टॉकहोमच्या डेथ मेटलची वाट वेगळी. तिथल्या एन्टूम्ब्ड या बँडच्या १९९० च्या 'लेफ्ट हँड पाथ' या अल्बमवर बॉसचं एचएम-२ ऐकू येतं, सगळे नॉब पूर्ण फिरवलेलं. तिथे पेडलनंच आवाज फाडायचा असतो. करवतीसारखा तो आवाज मला फार प्रिय आहे, पण ते डिस्टॉर्शन पेडल आहे आणि त्याचं काम निराळं.

दुकानात जाताना स्वतःची गिटार घेऊन जा. अँप तुम्ही वाजवता तेवढाच मोठा करा. जाड तारेवर दाबून चार ठोके मारा, मग पेडल लावून पुन्हा तेच चार. कान ठोक्यांवर नको, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवर ठेवा. ती जागा रिकामी ऐकू आली, तर पेडल घेऊन घरी या.