चिपचे पाणी आणि शेताचे पाणी



संगणकाची चिप ही नखाएवढी वस्तू. परंतु तिच्या निर्मितीचा विचार करू लागले की आपल्या नित्याच्या पाणीप्रश्नाशीच येऊन ठेपावे लागते. सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो प्रक्रिया होतात आणि वरचेवर ती अतिशुद्ध पाण्याने धुवावी लागते. क्षाराचा अंशमात्र राहिला तरी चिप वाया जाते.

२०२० साली तैवानच्या किनाऱ्यावर एकही चक्रीवादळ आले नाही, पाऊस हुकला व धरणे आटली. २०२१ मध्ये तेथील शासनाने सुमारे ७४ हजार हेक्टर शेतीचे पाणी बंद करून शेतकऱ्यांना भरपाई दिली. चिपचे कारखाने मात्र, जेथे पाणी कमी पडेल तेथे टँकर लावून, चालू राहिले. कोरडे पाट आणि धावते टँकर हे चित्र मराठवाड्यातील मंडळींना वर्णन करून सांगावयास नको. भरपाई जमीनधारकाला मिळते. भात कापणाऱ्या मजुराचे व गिरणीवाल्याचे काय?

यावर कारखान्यांनी जो मार्ग धरला आहे त्याला चक्रीय अर्थव्यवस्था असे भारदस्त नाव आहे. व्यवहार साधा आहे. पहिल्या धुण्याच्या पाण्यात आम्ल असते, शेवटच्या धुण्याचे पाणी जवळजवळ स्वच्छ असते. दोन्ही एका गटारात मिसळली की दोन्ही नासतात. म्हणून उगमापाशीच त्यांचे नळ वेगळे ठेवतात. स्वच्छ पाणी पुन्हा शुद्धीकरणास वा शीतकरणास जाते. फ्लोराइडयुक्त आम्लात कॅल्शियमचे क्षार घालून जो साका मिळतो, तो पोलाद व सिमेंटच्या कारखान्यांना उपयोगी पडतो. २०२२ पासून ताईनान शहराचे शुद्ध केलेले सांडपाणीही चिपच्या कारखान्यांना दिले जाऊ लागले. त्यातील युरिया व बोरॉन काढणे हे मोठे जिकिरीचे काम.

आपल्याकडेही नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्रास दिले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने गुजरातेतील धोलेरा येथे, तैवानच्याच एका कंपनीच्या सहकार्याने उभारावयाच्या चिप कारखान्यास मंजुरी दिली. असे उद्योग उद्या आणखी येतील. तेव्हा फेरवापराची अट जमीन देतानाच घालावी, दुष्काळ पडल्यावर नव्हे, असे माझे मत आहे.

एक अडचण मात्र राहते. शहराचे सांडपाणी आज नदीत उतरते आणि खालच्या अंगाची गावे तेच उपसून शेते भिजवितात. ते सारे उद्योगाकडे वळले, तर त्या गावांच्या वाट्यास किती उरणार, हा आकडा करारातच लिहून घ्यावा लागेल. आणि तो मागण्याचे काम पंचायतींचे आहे.