हातातला दगड
(युवा शिबिरातील भाषण)



मित्रांनो, मैत्रिणींनो, तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी कुठल्या ना कुठल्या क्लबची जर्सी घातलेली मला इथून दिसते आहे. लाल आहेत, निळ्या आहेत, बार्सिलोनाच्या दोन-तीन आहेत. तेव्हा फुटबॉल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगत बसत नाही. त्याऐवजी एक कबुली देतो, मग पुढचं बोलतो.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलचा क्लब म्हणजे तालीम. कुस्तीचा आखाडा तिथंच, मोहरमात पंजे तिथंच, भाद्रपदात गणपती तिथंच आणि फुटबॉलची टीमही तिथलीच. माणूस कुठल्या पेठेत जन्मला यावर त्याची टीम ठरते. शाहू स्टेडियमवर दोन मोठ्या तालमींची मॅच असली की त्या दिवशी घरच्या लग्नालासुद्धा पुरुष माणसं उशिरा पोचतात.

मी अकरावीत होतो. आमची टीम एका गोलनं हरली. गोल ऑफसाइड होता, असं आमचं सगळ्यांचं ठाम मत. स्टेडियमबाहेर आधी घोषणा झाल्या, मग शिव्या, मग दगड. माझ्या हातातही एक दगड होता. कुणी दिला, मी कधी उचलला, आज आठवत नाही. रस्त्याच्या पलीकडच्या घोळक्यात माझ्या वर्गातला, माझ्या बाकावर बसणारा मित्र होता. तो मला दिसला, मी त्याला दिसलो. आणि पुढच्या क्षणी कुणाचा तरी दगड त्याच्या भुवईवर बसला.

तो दगड माझा नव्हता. माझा हातातच राहिला. पण पुढं होऊन मी त्याला उचललंही नाही. मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तो चार टाके घालून वर्गात आला, बाकावर सरकून मला जागा दिली आणि मधल्या सुट्टीत डबा पुढं केला. त्यानं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. त्याचं नाव आणि धर्म इथं सांगत नाही, कारण त्या संध्याकाळी तो आम्हा सगळ्यांसाठी फक्त 'पलीकडच्या तालमीचा' होता.

ही गोष्ट मी बरीच वर्षं दाबून ठेवली. ती वर आली कोलकात्यात.

२०१८ मध्ये कंपनीच्या कामासाठी मी तिथं होतो. ऑफिस सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये, म्हणजे सॉल्ट लेक स्टेडियमपासून जवळच. टीममध्ये दोन सीनियर होते. एक मोहन बागानचे, एक ईस्ट बंगालचे. हे वैर काय आहे ते थोडं सांगतो. मोहन बागान १८८९ चा क्लब. १९११ साली त्यांनी ब्रिटिश पलटणीच्या टीमला हरवून आयएफए शील्ड जिंकली. ईस्ट बंगाल १९२० चा, पूर्व बंगालच्या लोकांनी काढलेला. पुढं फाळणी झाली आणि घरदार सोडून आलेल्या लाखो निर्वासितांना त्या क्लबात आपलं गाव सापडलं. इकडचे ते घोटी, तिकडचे ते बांगाल. भाषेची ढब वेगळी, आमटी-भाजीची चव वेगळी. बागान जिंकलं की कोळंबी शिजते, ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश.

त्या डिसेंबरच्या डर्बीत ईस्ट बंगालनं ३–२ अशी बाजी मारली. सोमवारी दुपारी ईस्ट बंगालवाल्या साहेबांनी मोठा डबा उघडला. डिसेंबरात चांगला इलिश मिळत नाही, तरी कुठून तरी आणला होता. पहिला तुकडा, तोही पोटाकडचा, त्यांनी बागानवाल्यांच्या ताटात वाढला. मग चिडवायला सुरुवात केली ती थेट संध्याकाळपर्यंत. आधी वाढलं, मग चिडवलं. हा क्रम मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

तुम्ही म्हणाल, बंगाली माणूस मुळात गोड. तसं नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन टीमची लीग मॅच होती. मैदानात दोन खेळाडूंची जुंपली, स्टँडमध्ये मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ माणसं गेली. मॅच बघायला घरून निघालेली १६ माणसं. त्यांच्या आठवणीत दरवर्षी १६ ऑगस्टला कोलकात्यात रक्तदान शिबिरं होतात. रक्ताच्या पिशवीवर रक्तगट लिहिलेला असतो, क्लब नाही. म्हणजे आपल्या बागानवाल्यांनी वाढून घेतलेल्या त्या तुकड्यामागं एवढा मोठा धडा आहे. हे शहर ठेच खाऊन शिकलं.

आता आपल्या जिव्हाळ्याचा तिसरा क्लब. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात मला एकानं विचारलं, "तू मग मोहामेडनचा का?" माझं नाव ऐकून विचारलं. भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी आपल्याला जो प्रश्न येतो, त्याचा वास मला आला आणि मी तुटक उत्तर दिलं. नंतर लक्षात आलं, की त्याच्या मनात तसलं काही नव्हतं. तिकडं तो क्लबही इतर दोघांसारखाच घरगुती विषय आहे. मग मी वाचायला लागलो. मोहामेडन स्पोर्टिंग १८९१ चा. १९३४ साली कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब, आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं लीग त्यांचीच. त्यांचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडला जाऊन सेल्टिककडून अनवाणी खेळला. ऊर भरून येतो ना? माझाही आला.

पण त्याच काळात मैदानाबाहेर देशातलं राजकारण हिंदू-मुसलमान असं फाटत होतं आणि ते विष स्टँडमध्येही उतरलं. टीमचा विजय हा जमातीचा विजय आणि हार ही जमातीची बेइज्जती, असं मोजलं जाऊ लागलं. असं मोजलं, की समोर खेळाडू उरत नाही, शत्रू उरतो. म्हणून सांगतो, सलीमचा अभिमान जरूर बाळगा, पण तो दुसऱ्याला खाली दाखवण्यासाठी वापरू नका.

आणि आता ऑगस्ट २०२४. कोलकात्यातल्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवर असलेल्या एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. सगळं शहर रस्त्यावर आलं. १८ ऑगस्टला ड्युरँड कपमध्ये मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना होता. बंदोबस्ताचं कारण देऊन तो रद्द झाला. मॅच नाही, तर लोकांनी घरी बसायचं ना? तसं झालं नाही. दोन्ही क्लबचे चाहते आपापल्या जर्सी घालून सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले. मोहामेडनचे काळे-पांढरे झेंडेही आले. पोलिसांनी लाठीमार केला, काहींना ताब्यात घेतलं. पण लाल-पिवळा आणि हिरवा-मरून एकमेकांच्या खांद्यावर बसलेले फोटो देशानं पाहिले. माझ्या त्या दोन सीनियरांनी मला एकाच छत्रीखालचा सेल्फी पाठवला. नव्वद मिनिटांचं भांडण त्यांनी सोडलं नव्हतं, पुढच्या डर्बीत ते पुन्हा भांडणारच होते. पण कशासाठी भांडायचं आणि कशासाठी एकत्र उभं राहायचं, हे त्यांना कळत होतं.

दोस्तांनो, प्रतिस्पर्धी आणि वैरी यांत फरक आहे. वैरी नसला तर आपण सुखी होतो. प्रतिस्पर्धी नसला तर मॅचच होत नाही. रिकाम्या मैदानात गोल मारून कुणाला आनंद झालाय? आपल्या टीमला मोठी केली ती समोरच्या टीमनं, हे मान्य केलं की आदर आपोआप येतो.

आपल्या दीनमध्येही हे आहे. बुखारी शरीफमध्ये एक प्रसंग येतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या 'अदबा' नावाच्या सांडणीला शर्यतीत कुणी मागं टाकत नसे. एकदा एक बद्दू आपल्या उंटावरून आला आणि पुढं गेला. सहाबांना फार वाईट वाटलं. तुमच्या-आमच्यासारखेच ते, आपली बाजू हरली की झोंबायचं. प्रेषितांनी त्या बद्दूला बोल लावला नाही. जे वर चढतं ते अल्लाह कधी तरी खाली आणतोच, असं सहाबांना समजावलं. हार पचवायची ही शिकवण आहे. आणि रागाच्या भरातही न्याय सोडायचा नाही, ही ताकीद सूरह माइदामध्ये आहे.

मग आपण करतो काय? रात्री दोनला मॅच संपते आणि आपण मोबाइल उचलतो. हरलेल्या मित्राच्या आईवरून, रंगावरून, जातीवरून मीम टाकतो. मी त्याच धंद्यातला माणूस आहे, सांगतो. ज्या पोस्टवर लोक जास्त तुटून पडतात, ती जास्त लोकांपुढं ढकलली जाते. म्हणजे तो मोबाइल हा माझ्या हातातला दगडच आहे. फरक एवढाच, की रक्त दिसत नाही, म्हणून आपण फेकून मोकळे होतो.

आणि हे फुटबॉलपुरतं नाही. आपल्याच मोहल्ल्यातल्या दोन मशिदींची पोरं मसलकीवरून एकमेकांचा सलाम घेत नाहीत. तिथंही हीच बिमारी आहे. बाहेरच्यांनी आपल्याला एका शिक्क्यानं ओळखू नये असं आपण म्हणतो, ते बरोबरच आहे. पण आपणही समोरच्याला एका शिक्क्यानं ओळखायचं सोडलं पाहिजे.

तुम्ही चिडवणं बंद करा, असं मी म्हणणार नाही. चिडवण्यात मजा आहे. फक्त आधी वाढा, मग चिडवा. आणि तुमच्या बाजूचा कुणी हद्द सोडून बोलला, तर त्याला तुम्हीच थांबवा. पलीकडच्यांनी थांबवलं तर भांडण होतं, आपल्यानं थांबवलं तर त्याचा हात खाली येतो. त्या संध्याकाळी मला कुणी तरी थांबवायला हवं होतं, आणि मीही कुणाला तरी.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. छत्रीखालचा तो सेल्फी आला त्या रात्री मी कोल्हापूरला त्या मित्राला फोन लावला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सांगितलं, की माझ्याही हातात दगड होता, पण तुला लागला तो माझा नव्हता. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लेका, मला तर आजवर वाटत हुतं तुझाच हुता."

म्हणजे माझाच दगड लागला असं समजूनच त्यानं दुसऱ्या दिवशी डबा पुढं केला होता.

अल्लाह आपल्याला असा प्रतिस्पर्धी होण्याची तौफीक देवो.