दाखला लपवू नका

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी दिलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा येथे सत्कार झाला, त्यांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. कार्यकारी मंडळाने मला शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. विद्यापीठात विद्यार्थी म्हणून पाऊल टाकण्याचा योग मला आला नाही. परंतु माझ्या हाताखालून गेलेली पुष्कळ मुले तेथे पोचली, आणि बुद्धी असूनही काही पोचू शकली नाहीत. त्या न पोचलेल्यांपैकी एका वर्गाविषयी मी बोलणार आहे. ज्यांना दिसत नाही अथवा कमी दिसते, ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांचे हातपाय साथ देत नाहीत, अशी ही मुले. त्यांना पूर्वी आपण अपंग म्हणत असू. आता सरकारदरबारी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे.

सत्काराच्या आजच्या यादीत अशा एकाही मुलाचे नाव मला आढळले नाही. आपल्या ज्ञातीत अशी मुलेच नाहीत काय? २०११ च्या जनगणनेत देशात अशा व्यक्ती सुमारे २ कोटी ६८ लक्ष, म्हणजे शेकडा २.२१ इतक्या नोंदल्या गेल्या. या हिशेबाने शंभर घरांत साडेचारशे माणसे धरली, तर त्यांत नऊ-दहा जण असे असावयास हवेत. आपल्या घरांतही ते आहेतच. मात्र ते संमेलनाला येत नाहीत, किंबहुना त्यांना आणले जात नाही.

याचे कारण आपण सर्व जाणतो. पण सभेत ते कोणी उच्चारीत नाही. आपले हेच मंडळ वधूवर मेळावाही भरविते. घरात एक मूल बहिरे आहे हे कळले, तर त्याच्या बहिणीचे स्थळ मोडेल, ही आईबापांची धास्ती असते. म्हणून ते मुलाचा सरकारी दाखला काढीत नाहीत, आणि काढला तरी तो पेटीच्या तळाशी ठेवितात. या भीतीची मी चेष्टा करीत नाही. मुलीच्या बापाचे काळीज मला ठाऊक आहे. परंतु या लपवालपवीची किंमत कोण भरतो, तेवढे पाहा.

माझ्या वर्गात आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा होता. दृष्टी फार अधू. त्याला पहिल्या बाकावर बसवून मी फळ्यावर लिहितालिहिता मोठ्याने वाचीत असे, आणि तोंडी परीक्षेत त्याच्यापुढे कोणी नसे. तो महाविद्यालयात गेला. तेथे लेखनिक आणि वाढीव वेळ मिळण्यासाठी दाखला हवा होता. वडिलांनी तो काढू दिला नाही. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेतील निम्मे प्रश्न वाचण्यातच त्याचा वेळ सरे. दोनदा नापास झाल्यावर त्याने शिक्षण सोडले. आज तो वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकांना तोंडी हिशेब सांगतो, आणि तो हिशेब कधी चुकत नाही!

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. कारण पुष्कळांना अजून वाटते की या सवलती म्हणजे कोणाची तरी मेहेरबानी. १९९५ साली या विषयाचा पहिला सर्वंकष कायदा संसदेने केला. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आहे. यात २१ प्रकार गणले आहेत. अंधत्व, बहिरेपण हे तर आहेतच. शिवाय स्वमग्नता, वाचन-लेखनातील विशिष्ट अडचण, मानसिक आजार, रक्तदोषाचे काही विकार हेही आहेत. व्यंग शेकडा ४० किंवा अधिक असल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान शेकडा ५ जागा राखीव आहेत, आणि प्रवेशासाठी वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट आहे. सरकारी नोकऱ्यांत किमान शेकडा ४ जागा आहेत.

परीक्षेपुरते सांगावयाचे तर, केंद्र सरकारच्या सूचनांनुसार पात्र विद्यार्थ्यास दर तासाला किमान २० मिनिटे अधिक द्यावयाची असतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरास एक तास. माझ्या त्या विद्यार्थ्याला नेमका एवढाच एक तास कमी पडत होता. ४० टक्क्यांच्या आत व्यंग असलेल्यांनीही निराश होऊ नये. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात निर्णय दिला. लिहिताना हाताला पेटके येणारा हा उमेदवार. त्याचे व्यंग ४० टक्के भरत नाही, एवढ्यावरून त्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

हा कायदा विद्यार्थ्यांपुरता नाही. आपल्यापैकी कितीतरी जण महाविद्यालयांत शिक्षक, ग्रंथपाल, लेखनिक, शिपाई आहेत. नोकरीत असता दृष्टी गेली वा पाय गमवावा लागला, तर आता राजीनामा द्यावा, असे घरचेच सांगतात. तसे मुळीच करू नये. सरकारी अथवा अनुदानित संस्थेस अशा सेवकाला काढून टाकता येत नाही व त्याचा दर्जा उतरविता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तसे पद नसेल तर योग्य पद रिकामे होईपर्यंत अथवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. सही करण्यापूर्वी हे कलम २० कोणाकडून तरी वाचवून घ्यावे.

“एवढे शिकून हा पुढे काय करणार?” असे विचारणाऱ्यांना मी अमेरिकेतील एड रॉबर्ट्‌स यांची हकीकत सांगतो. १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, पोलिओने त्यांचे शरीर मानेखाली लुळे पडले. श्वासासाठी यंत्र लागे. हा मनुष्य कधी काम करू शकणार नाही, असे सांगून तेथील पुनर्वसन खात्याने शिक्षणाचा खर्च देण्यास आरंभी नकार दिला. तरी १९६२ मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले. वसतिगृहात त्यांचे यंत्र मावेना, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात राहून ते शिकले. त्यांच्यामागून आणखी विद्यार्थी आले, आणि त्यांच्या खटपटीतून विद्यापीठात अशा विद्यार्थ्यांच्या साहाय्याचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. १९७५ साली रॉबर्ट्‌स कॅलिफोर्नियाच्या त्याच पुनर्वसन खात्याचे प्रमुख झाले.

आपल्याकडेही प्रयत्न होत आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी साहाय्य केंद्र चालते. आता संगणक पडद्यावरील मजकूर वाचून दाखवितो. मात्र पुस्तकाचे नुसते छायाचित्र त्याला सरळ वाचता येत नाही, आणि जुन्या टंकात जुळविलेला मराठी मजकूर त्याला निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो. त्याला युनिकोडमधील शुद्ध मजकूर लागतो. अशा विद्यार्थ्यांसाठी पुस्तकाचे सुलभ रूपांतर करण्यास स्वामित्वहक्काच्या कायद्याने २०१२ पासून मोकळीक दिली आहे. काही सोयींना तर पैसाही लागत नाही. चाकाच्या खुर्चीतील मुलाचा वर्ग तळमजल्यावर घेणे, किंवा ओठ वाचणाऱ्या मुलीसाठी फळ्याकडे तोंड करून न बोलणे, यासाठी कोणते अनुदान हवे?

आता मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली : शिष्यवृत्ती निधीतील काही रक्कम या मुलांसाठी वेगळी काढावी. गुणांची अट इतरांइतकीच ठेवावी, परंतु लेखनिकाचा प्रवासखर्च, श्रवणयंत्र, संगणक यांस त्यातून साहाय्य द्यावे.

दुसरी : आपल्यातील निवृत्त मंडळींनी व गृहिणींनी आपली नावे द्यावीत. कोणी मजकूर संगणकावर उतरवील, कोणी तपासील. कोणी दाखल्यासाठी कुटुंबाबरोबर जिल्हा रुग्णालयात जाईल. महाविद्यालयाने दाद न दिल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांच्या कार्यालयाकडे अर्ज लिहून देण्यास मी स्वतः तयार आहे. अर्ज लिहिण्यात माझा जन्म गेला आहे.

तिसरी सूचना आपल्या घरापासूनची. या ज्ञातिगृहाला सहा पायऱ्या आहेत. प्रत्येकी सहा इंच, म्हणजे चौथरा तीन फूट उंच. शास्त्राप्रमाणे एक फूट चढण्यास बारा फूट लांबीचा उतार लागतो. तेव्हा आपल्याला छत्तीस फुटांचा उतार आणि मध्ये थोडी सपाट जागा हवी. पूर्वेकडील भिंतीलगत तेवढी जागा आहे. मी पावलांनी मोजली आहे. त्या उतारावरून उद्या आपल्यापैकी प्रत्येक वृद्धही वर येणार आहे, हे खर्चास मंजुरी देताना ध्यानात धरावे.

शेवटी आईबापांस एक विनंती. ताप, अपघात किंवा कानाचे दुखणे यांनी आलेले व्यंग वंशात उतरत नाही. बहिणीचे स्थळ जुळविताना ते लपवाल, तर लग्नानंतर ते उघड होईल आणि तिला सासरी खाली पाहावे लागेल. उलट, शिकून स्वतःच्या मिळकतीवर संसार चालविणारा भाऊ हा कोणत्याही मुलीच्या माहेरचा आधारच असतो. यास्तव दाखला काढा. तो मुलाच्या हाती द्या. पुढच्या वर्षी त्याला या सभागृहात घेऊन या, आणि शक्य तर त्याचे नाव सत्काराच्या यादीत असू द्या.