नावाड्यांचे वाडगे



जपानी चिनी मातीच्या भांड्यांविषयी बोलणारा वक्ता सहसा आरिता गावापासून आरंभ करतो, आणि त्यात वावगे काही नाही. कारण जपानचा तत्कालीन सत्ताधीश हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांतून परतताना क्यूशू बेटावरच्या सरदारांनी तेथले जे कुंभार आपल्याबरोबर आणले, त्यांच्याच हातून सतराव्या शतकाच्या आरंभी त्या मुलखात शुभ्र, कठीण आणि टिचकी मारताच खणखणणारे भांडे प्रथम निपजले, आणि पुढे चीनमधील राज्यक्रांतीमुळे तिकडचा माल दुर्मिळ झाला तेव्हा डच कंपनीने नागासाकीच्या वखारीतून हेच जिन्नस युरोपच्या दरबारांत पोचविले. त्या वैभवाची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. आज मी बोलणार आहे तो साध्या माणसाच्या भाताच्या निळ्या-पांढऱ्या वाडग्याविषयी.

आरित्याचे धनी नाबेशिमा घराणे. त्यांनी ओकावाची येथील डोंगरांच्या कुशीत एक खास भट्टी चालविली, तिच्या वाटेवर चौकी बसविली आणि तेथील तबके विक्रीस न काढता शोगुनाला नजराण्यादाखल पाठविण्याचा शिरस्ता ठेवला. कसबाच्या दृष्टीने त्या तबकांना तोड नाही, हे मी निःसंकोच मान्य करतो. परंतु १८७१ साली सरदारांच्या जहागिरी बरखास्त झाल्या, आणि आश्रयदात्याबरोबर त्या दरबारी भट्टीचेही दप्तर बंद झाले.

टेकडीपलीकडे, ओमुरा सरदारांच्या अंमलात, हासामी नावाचे गाव आहे. तेथील कारागिरांनी डोंगरउतारावर एकाला एक जोडून दालने बांधीत भट्ट्या इतक्या लांबविल्या, की नाकाओ येथील एका भट्टीचे अवशेष सुमारे १६० मीटरपर्यंत गेलेले आढळले आणि तिची दालने तिसाहून अधिक भरली. एवढी भट्टी भरायची तर माल ढिगाने हवा. म्हणून वाडग्याच्या आतल्या तळावरील काचेचा लेप वर्तुळाकार खरवडून तेथे दुसरा वाडगा ठेवीत आणि एकाच आचेवर उतरंड भाजून घेत. ते खरवडलेले वर्तुळ जुन्या वाडग्यांत आजही दिसते. संग्राहक त्याचे कौतुक करतात. मूळचा हेतू मात्र निव्वळ काटकसरीचा होता. हे स्वस्त, जाड आणि किंचित करड्या छटेचे वाडगे योदो नदीवर फार खपले. ओसाका आणि फुशिमी यांच्या दरम्यान उतारूंच्या नावा हिराकाताजवळ आल्या, की खाद्यपदार्थ विकणाऱ्या होड्या त्यांना भिडत आणि होडीवाले ‘खाता की नाही?’ अशी अगदी उर्मट हाक देत. त्या हाकेवरूनच या वाडग्यांना ‘कुरावांका’ म्हणू लागले. हिरोशिगे या चित्रकाराने हा प्रसंग आपल्या एका मुद्राचित्रात अमर केला आहे.

आता नक्षीविषयी. एकदा हलके भाजलेल्या भांड्यावर कोबाल्टयुक्त रंगाने चित्र काढतात, वर लेप देतात आणि मग सुमारे १३०० अंशांच्या धुरकट आचेत ते पुन्हा भाजतात. काढताना हा रंग काळपट दिसतो; निळाई अग्नीतून येते. शिवाय कोरडे भांडे रंग तत्क्षणी शोषून घेते, त्यामुळे कुंचला क्षणभर जरी अडखळला तरी डाग राहतो, आणि म्हणूनच, मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने बोरू न उचलता ओळ संपवावी तसा, वेल एका फटकाऱ्यात पुरा करणारा हातच येथे उपयोगी पडतो. यानागी सोएत्सु यांनी अशा अनामिक, अभावित हाताच्या सौंदर्याचे तत्त्वज्ञान मांडले आणि १९३६ साली तोक्योत लोककलांचे संग्रहालय उभारले. त्यांच्या दृष्टीचा मी चाहता आहे. तरीही त्या हाताची गती ध्यानमग्नतेतून कमी आणि पोटाच्या निकडीतून अधिक आली असावी, ही शंका मला सोडीत नाही. रेषेचे सौंदर्य त्यामुळे उणावत नाही, पण कारागिराला संत ठरवून त्याच्या मजुरीचा प्रश्न बाजूला सारण्याची मुभा आपल्याला मिळू नये.

शिकोकू बेटावरील तोबे गावाची हकिकत याहून वेगळी. तेथे धार लावण्याच्या दगडांच्या खाणी होत्या आणि त्यांचा चुरा उपसून टाकणे हे रयतेच्या मागे लागलेले लचांड होते. ओझूच्या सरदाराने त्याच चुऱ्यापासून भांडी घडविण्याचा हुकूम केला, आणि वारंवार अपयश पदरी आल्यानंतर १७७७ साली सुगिनो जोसुके याला यश लाभले. पुढे यंत्रे आली, ठशांची नक्षी आली. परंतु १९५३ साली यानागी, जपानी कुंभार हामादा शोजी आणि इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच हे तेथे गेले असता तेथील टिकून राहिलेल्या हातकामाची त्यांनी प्रशंसा केली, आणि तरुण कारागीर नव्या उमेदीने चाकाकडे व कुंचल्याकडे वळले.

तोबेचा वाडगा जड असतो, हा आक्षेप खरा आहे. नवराबायकोच्या भांडणात भिरकावला तरी फुटत नाही, अशी त्याची ख्याती तिकडे विनोदाने सांगतात. पण जपानी माणूस वाडगा तळहातावर उचलून तोंडाशी नेतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या जाडीचे प्रयोजन पटते. बुडाशी असलेले उंच कडे बोटांना तापलेल्या तळापासून दूर ठेवते, गोल पोट पंजात नीट बसते, आणि उदोन नावाच्या जाड शेवया कढत रश्शात वाढल्या, तरी जाड भिंतीमुळे हात पोळत नाही व शेवटच्या घासापर्यंत रस्सा निवत नाही.