गाडीच्या आतली शिस्त
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी संतसाहित्य, नाट्यसंगीत, होळकरांचा इतिहास अशा विषयांवर जाणकार मंडळी बोलतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला सांगितले, "तुम्ही गाड्यांच्या कामातले, तर गाडीवरच बोला." आम्ही शासकीय वाहनांच्या कार्यशाळेत काम करणारी माणसे. आमचा हात पान्यावर जास्त आणि माइकवर कमी. तेव्हा बोलण्यात काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

आज आम्ही इंजिन, टायर, ब्रेक यांवर बोलणार नाही. त्यासाठी गॅरेज आहे. आम्हाला बोलायचे आहे ते गाडीच्या आतल्या भागाबद्दल. सीट, पट्टे, कप्पे, डिकी, एसी, सनरूफ या सगळ्या आपल्या सोयीच्या वस्तू आहेत. पण चुकीच्या रीतीने वापरल्या तर त्याच अंगावर उलटतात.

आपल्या इंदूरमध्ये नवी गाडी घेतली की ती आधी खजराना गणपतीला जाते. पूजा होते, चाकाखाली लिंबू ठेवतात, पेढे वाटतात. मग सीट कव्हर, मॅट, परफ्यूम, मागच्या काचेपाशी उश्या असा सगळा साज चढतो. फक्त एक गोष्ट होत नाही. गाडीबरोबर आलेले माहितीपुस्तक कुणी उघडत नाही. दहा वर्षांनी गाडी विकायला काढतात, तेव्हाही ते समोरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या वेष्टनात जसेच्या तसे असते.

दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी आमच्याच घरची गोष्ट सांगतो. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एबी रोडने नाशिकला आत्याकडे निघालो होतो. पहाटे पाचला निघालो, सेंधवा मागे टाकले आणि बिजासन घाट उतरू लागलो. पुढे आम्ही दोघे, पट्टे लावलेले. मागे आई आणि दोन्ही मुली, पट्टे न लावलेले. मागच्या काचेखालच्या फळीवर फराळाचा स्टीलचा डबा आणि मुलींच्या पायाशी पाण्याची बाटली.

उतारावर पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केला. आम्ही ब्रेक दाबला, तर पेडल अर्ध्यावरच अडले. बाटली उताराने घरंगळत सीटखालून पुढे येऊन नेमकी पेडलखाली बसली होती. हँडब्रेक ओढला, पायाने बाटली कशीबशी बाजूला केली आणि गाडी ट्रकच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण मागे पाहिले, तर आईचे कपाळ पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटून फुटले होते आणि चकल्यांचा डबा धाकटीच्या खांद्यावर आदळला होता. शिरपूरला आईच्या कपाळाला चार टाके पडले. टाके घालून झाल्यावर आई एवढेच म्हणाली, "अरे, तू तर गाड्यांतलाच माणूस ना?"

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

आता थोडा हिशेब पाहू. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तुम्ही-आम्हीही त्याच वेगाने चाललेलो असतो. म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. गाडी आदळून थांबली तरी आतली माणसे आणि सामान थांबत नाही, त्याच वेगाने पुढे जाते. ही धडक सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडण्याइतकी असते. त्या क्षणी वस्तूचे वजन वीस पट झाले असे धरले, तर एक लिटरची बाटली २० किलोची होते आणि मांडीवरचे १० किलोचे बाळ २०० किलोचे. आजीच्या हातात माया कितीही असली, तरी २०० किलो धरून ठेवण्याची ताकद कुणाच्याच हातात नसते.

म्हणून पहिली गोष्ट पट्टा. आज आपण वापरतो तो खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतील अभियंते निल्स बोहलिन यांनी १९५९ साली तयार केला. कंपनीने तो इतर कंपन्यांनाही वापरू दिला, म्हणून तो आज जगभरच्या गाड्यांत आहे. तो नीट लावण्याची रीत अशी आहे. कमरेचा भाग पोटावर न येता खाली कमरेच्या हाडांवर यावा. वरचा भाग गळ्याला न घासता खांद्याच्या मधून जावा. पट्ट्याला पीळ नसावा. गर्भवती सुनेने, लेकीने पट्टा लावू नये असा आपल्याकडे एक समज आहे, तो चुकीचा आहे. खालचा पट्टा पोटाच्या खालून आणि वरचा छातीच्या मधून पोटाच्या कडेने घेतला, की आई आणि बाळ दोघांचेही रक्षण होते.

मागे बसणाऱ्यांना पट्टा कशाला, असे अजूनही विचारले जाते. २०२२ च्या गणेशोत्सवातच, ४ सप्टेंबरला, पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मोठी, महागडी गाडी होती. पुढे बसलेले दोघे जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या सीटवरही पट्टा कायद्याने सक्तीचाच आहे. न लावल्यास १००० रुपये दंड आहे आणि १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसवले तरी तेवढाच दंड आहे. पण दंडासाठी नको, आपल्या माणसांसाठी लावा.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत एक गोष्ट हमखास दिसते. मागच्या पट्ट्यांची बकले सीट कव्हराखाली कायमची गाडली गेलेली असतात. आज घरी गेल्यावर ती वर काढा. दुसरी गोष्ट म्हणजे गाडीची सूचना वाजू नये म्हणून बकलमध्ये खोचून ठेवायची नकली पट्टी. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या पट्ट्यांची ऑनलाइन विक्री थांबवण्याचे आदेश दिले. ज्यांच्या गाडीत ती असेल, त्यांनी ती उद्या कचऱ्याच्या गाडीत टाकावी. कचरा वेगळा करायची सवय इंदूरकरांना आहेच.

लहान मुलांसाठी मागच्या सीटवर बालआसन, म्हणजे चाइल्ड सीट लावावी. बऱ्याच नव्या गाड्यांत ती अडकवण्यासाठी आयसोफिक्सच्या कड्या दिलेल्या असतात. अगदी लहान बाळाचे तोंड मागच्या काचेकडे असावे आणि असे आसन चालू एअरबॅगसमोर पुढच्या सीटवर कधीही लावू नये. बाळ मांडीवर घेऊन दोघांवरून एकच पट्टा लावणे हेही चूकच. झटक्यात मोठ्या माणसाचे सारे वजन त्या बाळावर येते.

दुसरी गोष्ट एअरबॅग. ही पिशवी पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या वीसाव्या-तिसाव्या भागात फुगते. तेवढ्या वेळात फुगायचे म्हणजे ती केवढ्या जोराने बाहेर येत असेल, याचा विचार करा. पट्टा लावलेल्या माणसाला ती सावरते. पट्टा नसेल तर माणूस पुढे फेकला जातो आणि ती त्याच्यावर आदळते. म्हणून चालकाने छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडे अधिक अंतर ठेवावे. शेजारी बसणाऱ्याने डॅशबोर्डवर पाय टाकून बसू नये. एअरबॅग उघडली तर गुडघा तोंडावर येतो आणि पाय मोडतो. काही गाड्यांत सीटच्या कडेलाही एअरबॅग असते, तशी खूण सीटवर असते. अशा सीटला बाजारातले जाड कव्हर घातले तर ती बाहेरच येऊ शकत नाही.

आता नाजूक विषय. डॅशबोर्डवरचे बाप्पा. शेजारच्या सीटची एअरबॅग डॅशबोर्डच्या झाकणातून बाहेर येते आणि आपण नेमकी त्याच सपाट जागेवर धातूची, काचेची मूर्ती चिकटवतो. अपघातानंतर कार्यशाळेत आलेल्या एका गाडीची पुढची काच आतून फुटलेली आम्ही पाहिली. एअरबॅगने मूर्ती उडवली होती. शेजारची सीट त्या दिवशी रिकामी होती, हेच नशीब. आमच्या आईला हे सांगायला आम्ही दोन दिवस घाबरत होतो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाप्पा विघ्न हरायला आहेत ना, मग त्यांनाच विघ्नाच्या जागी कशाला बसवायचं?" आता आमच्या गाडीत मधल्या भागात, एअरबॅगपासून दूर, पातळ कागदी चित्र चिकटवलेले आहे. आरशाला माळ किंवा घंटाही नको, ती समोरचे दिसणे अडवते.

बाप्पांना घरी आणतानाही आपण मूर्ती मांडीवर घेऊन पुढे बसतो. दिसायला छान दिसते, पण एअरबॅग आणि माणूस यांच्यामध्ये मूर्ती येते. आम्ही आता पुढच्या सीटच्या मागे खालच्या जागेत स्वच्छ वस्त्र घालून पाट ठेवतो, दोन्ही बाजूंनी उश्या लावतो आणि त्या जागी कुणालाही बसू देत नाही. पायाशी ठेवले असे होत नाही आणि शाडूची मूर्तीही धक्का न लागता घरी येते.

तिसरी गोष्ट सामान. नियम सोपा आहे. जड वस्तू खाली आणि डिकीत, सीटच्या पाठीला टेकवून. सामान सीटच्या पाठीपेक्षा उंच रचू नये. मागची सीट दुमडणारी असेल, तर तिची खिट्टी नीट बसली आहे का ते हलवून पाहावे, नाहीतर ब्रेक लावताच डिकीतला कुकर पाठीवर येतो. मागच्या काचेखालच्या फळीवर उशीखेरीज काही नको. चालकाच्या पायाशी आणि सीटखाली काहीही नको. बाटली दाराच्या कप्प्यात ठेवावी. मॅटवर दुसरी मॅट टाकू नये. सरकलेल्या मॅटखाली ॲक्सिलरेटर अडकतो. उन्हात उभ्या गाडीत सेंटची फवारणी, लायटर, पॉवर बँक ठेवू नये, ते तापून फुटू शकतात, पेट घेऊ शकतात.

चौथी गोष्ट आराम. लांबच्या प्रवासात शेजारचा माणूस सीट पूर्ण मागे टाकून झोपतो. तेव्हा पट्टा अंगापासून सुटलेला असतो. धडक बसली तर माणूस पट्ट्याखालून घसरतो आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. झोपायचे तर पाठ थोडीशीच कलती ठेवून झोपावे. डोके टेकायची उशी ही मानेच्या रक्षणासाठी आहे. तिची वरची कड डोक्याच्या वरच्या भागापर्यंत यावी, डोके तिच्या जवळ असावे. ती मानेशी खाली ठेवली, तर मागून धक्का बसताच मान उलटी मोडते.

एसीमध्ये आतली हवा फिरवण्याचे बटण असते. पाच माणसे तासन्‌तास तीच हवा घेत राहिली, की डोळे जड होतात आणि आपल्याला वाटते जेवण जास्त झाले. अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी. उभ्या गाडीत काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत आला, तर वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

आणि ही शेवटची, पण सर्वांत कळकळीची विनंती. अनंत चतुर्दशीला आपण गिरण्यांच्या झांक्या पाहायला जातो. मूल झोपले म्हणून त्याला गाडीत ठेवून "पाच मिनिटांत येतो" असे म्हणू नका. उन्हात बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी वाढते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. एसी चालू ठेवून जाणे हाही उपाय नाही. मूल जागे झाले तर गिअरला हात घालते. चालत्या गाडीच्या सनरूफमधून मुलांना उभे करणे तर पूर्ण बंद करा. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक आणि काचांचे कुलूप यासाठीच दिलेले आहे.

हे सगळे लक्षात ठेवायला अवघड वाटत असेल, तर किल्ली फिरवण्याआधी अर्धे मिनिट द्या. सर्वांचे पट्टे, मुले मागे, पायाशी काही नाही, फळी रिकामी. झाले.

आमच्या घरी ही तपासणी आता आईच करते. कपाळावरची खूण तिच्या कुंकवाच्या जरा वर आहे. मागे बसल्यावर ती आधी स्वतःचा पट्टा लावते, मग नातींचा पाहते आणि मग पुढे विचारते, "बाटली कुठे आहे रे?" तिने उत्तर ऐकल्याशिवाय आम्ही गाडी सुरू करत नाही.

 सर्वांचा प्रवास सुखाचा होवो.

गणपती बाप्पा मोरया!