नॅशव्हिलच्या तळघरातली तालीम

आकाशवाणीनं मला विषय दिला आहे, वंशभेदाविरुद्धच्या अहिंसक लढ्यांतलं नैतिक धैर्य. विषयाचा आवाका फार मोठा आहे, म्हणून मी एकच गाव धरून बोलतो : अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल, साल १९६०. पण तिथली वाट आपल्या नागपुरातून जाते.

१९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात जेम्स लॉसन नावाचे एक तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी होते. विद्यार्थ्यांचे खेळ घ्यायचे आणि गांधीजींचा सत्याग्रह समजून घ्यायचे. त्याआधी, कोरियन युद्धाच्या वेळी लष्करात जायला नकार दिला म्हणून त्यांनी वर्षाहून अधिक तुरुंगवास भोगला होता. डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी नागपूरच्याच इंग्रजी दैनिकात वाचलं, की अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहराच्या काळ्या लोकांनी शहरातल्या बसवर बहिष्कार टाकला आहे. आनंदानं ते ओरडलेच. मायदेशी परतल्यावर त्यांना त्या बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग भेटले. किंगनी आग्रह धरला, दक्षिणेत या, आत्ताच या. लॉसन नॅशव्हिलला गेले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकू लागले आणि एका चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी अहिंसक प्रतिकाराचे वर्ग सुरू केले.

या तळघरात मला जरा रेंगाळायचं आहे. खुर्च्या ओळीनं मांडायच्या. चार जणांनी त्यांवर बसायचं आणि बाकीच्यांनी गुंड व्हायचं. गुंडांनी घाणेरड्या शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, ढकलायचं, खुर्चीवरून खाली ओढायचं. बसलेल्यांनी हात उचलायचा नाही, उलटं बोलायचं नाही. खाली पडलो तर डोकं कसं झाकायचं, शेजाऱ्याला मार बसू लागला तर आपण मध्ये कसं यायचं, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे सगळं पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचं. आणि मग बोलायचं, की राग आला का, भीती वाटली का, कुठे तोल जात होता?

का एवढं? तर त्या शहरातल्या मोठ्या दुकानांत काळ्या माणसाला वही विकत घेता येई, कपडा घेता येई. त्याचे पैसे दुकानदार आनंदानं घेई. त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरपाशी बसून कॉफी मात्र मागता येत नसे. विद्यार्थ्यांनी तिथंच जाऊन बसायचं ठरवलं.

डायन नॅश ही एकवीस वर्षांची विद्यार्थिनी, शिकागोहून आलेली, या लढ्याच्या नेत्यांपैकी एक. तिनं पुढे सांगितलं आहे, की कॉलेजच्या वर्गात बसल्या बसल्या भीतीनं तिच्या तळहातांना घाम फुटायचा. आपण मुलांना काय सांगतो? थोर माणसं निर्भय असतात. जयंतीला हार घालतो, भाषण करतो, आणि मूल समजतं, हे काही आपलं काम नव्हे. शिक्षकांनो, पालकांनो, हे बंद करा. धैर्य शिकवता येतं. सराव करून घ्यावा लागतो. मुलांना खेळ शिकवतो, गाणं शिकवतो, मग अन्याय होताना उभं कसं राहायचं याचा सराव कोणत्या शाळेत होतो? मी पुन्हा सांगतो, नॅशव्हिलची पोरं घाबरलेली होती आणि तयार होती.

१९६० च्या १३ फेब्रुवारीला शंभराहून अधिक विद्यार्थी नीटनेटके कपडे करून, पुस्तकं घेऊन काउंटरवर बसले. २७ फेब्रुवारीला गोऱ्या तरुणांच्या टोळ्या त्यांच्यावर तुटून पडल्या. पोलीस आले, आणि अटक झाली ती मार खाणाऱ्या ८१ विद्यार्थ्यांना. एक तुकडी उचलली, की दुसरी येऊन त्याच जागी बसे. न्यायालयानं दंड केला, तो भरायला अनेकांनी नकार दिला आणि ते तुरुंगात गेले. दंड भरणं म्हणजे त्या अन्यायाला हातभार लावणं, अशी त्यांची भूमिका होती. गप्प बसून सोसणं म्हणजे अहिंसा, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. इथं गप्प कुणीच नव्हतं. काळ्या समाजानं ईस्टरच्या खरेदीवरही बहिष्कार टाकला, आणि व्यापाऱ्यांच्या गल्ल्याला ते जाणवलं.

या लढ्यातल्या सहभागाबद्दल व्हँडरबिल्टनं लॉसन यांना काढून टाकलं. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब टाकला गेला. ते आणि त्यांची पत्नी बचावले. त्याच दिवशी हजारो माणसं मूक मोर्चानं महापौरांकडे गेली. महापौर बेन वेस्ट यांना डायननं सरळ विचारलं, केवळ कातडीच्या रंगावरून माणसामाणसांत भेद करणं तुम्हाला चुकीचं वाटतं का? महापौर हो म्हणाले. सगळ्यांदेखत म्हणाले. दुकानांच्या मालकांसाठी त्या होकाराला फार वजन होतं. १० मे रोजी नॅशव्हिलच्या सहा दुकानांतले काउंटर काळ्या ग्राहकांसाठी उघडले.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. तेव्हा भराभर सांगतो : त्याच व्हँडरबिल्टनं पुढे लॉसन यांना शिकवायला बोलावलं, आणि जून २०२४ मध्ये, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी ते वारले. १९६८ च्या मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपातही ते आघाडीवर होते आणि किंगना तिथं त्यांनीच बोलावलं. त्या संपाबद्दल खूप बोलायचं होतं, ते राहिलं.