उंबरठ्यावरचा दिवा

(कुटुंब संमेलनात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्यू पंचांगात किस्लेव नावाचा एक महिना आहे. तो साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो. ज्यूंचा दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो. किस्लेवची पंचविसावी तिथी ज्या सायंकाळी सुरू होते, त्या सायंकाळी जगभरातील ज्यू घरांमध्ये एक दिवा लागतो. दुसऱ्या रात्री दोन, तिसऱ्या रात्री तीन, असे करीत आठव्या रात्री आठ दिवे उजळतात. या सणाचे नाव हनुक्का. पूर्वी हे दिवे तेलवातीचे असत. आज बहुतेक घरांत मेणबत्त्या लावतात. ज्यू महिना चांद्र असल्यामुळे पंचविसावी तिथी म्हणजे कृष्ण पक्षाची अखेर. ऐन अमावास्येच्या काळोखातून हा सण पुढच्या महिन्याच्या चंद्रकोरीपर्यंत पोहोचतो. आपल्याकडील दिवाळीशी त्याचे हे साम्य सहज डोळ्यांत भरते. परंतु दिव्यांच्या साम्यावरून दोन सण एकच ठरवण्याची घाई करू नये. प्रत्येक दिव्यामागे त्याचा स्वतःचा इतिहास असतो, आणि तो समजून घेतला तरच दिव्याचा अर्थ कळतो.

बंदी घातलेला धर्म

हा इतिहास इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातील आहे. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याच्या साम्राज्याचे तुकडे झाले आणि कालांतराने यहुदिया प्रांत सीरियातील सेल्युसिड घराण्याच्या ताब्यात आला. या घराण्याचा राजा चौथा अँटायोकस याने इ.स. पूर्व १६७ मध्ये ज्यू धर्माचरणावरच बंदी घातली. शब्बाथ पाळणे गुन्हा ठरला. मुलांची सुंता करणे गुन्हा ठरला. धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या जाळण्यात आल्या. जेरुसलेमच्या मंदिरातील वेदीवर परक्या देवतेची वेदी उभी राहिली.

मात्र संकट केवळ बाहेरून आले, असे म्हणता येणार नाही. त्याआधीच जेरुसलेममधील काही प्रतिष्ठित कुटुंबांना ग्रीक राहणी अधिक सुसंस्कृत वाटू लागली होती. महापुरोहिताचे पद राजाला पैसे देऊन मिळवले जात होते. मंदिराच्या शहरात ग्रीक धर्तीची व्यायामशाळा उघडली गेली होती. राजाच्या फर्मानाला शहरातून साथ मिळाली ती यामुळेच.

विरोध उभा राहिला तो मोदीन नावाच्या लहानशा खेड्यात. मत्तथिया हा वृद्ध पुरोहित आणि त्याचे पाच पुत्र यांनी राजाज्ञा झुगारली आणि डोंगराचा आश्रय घेतला. शब्बाथच्या दिवशी शस्त्र उचलायचे नाही, या श्रद्धेपायी सुमारे एक हजार माणसे प्रतिकार न करता मारली गेली. तेव्हा या मंडळींनी विचारपूर्वक निर्णय घेतला, की शब्बाथ पाळण्यासाठी माणूस जिवंत राहिला पाहिजे; म्हणून त्या दिवशीही स्वसंरक्षण करायचे. मत्तथियानंतर त्याचा पुत्र यहुदा मक्काबी याने नेतृत्व केले. इ.स. पूर्व १६४ मध्ये मंदिर मुक्त झाले. विटाळलेल्या वेदीचे दगड बाजूला काढून ठेवण्यात आले, नवी वेदी बांधण्यात आली आणि किस्लेवच्या पंचविसाव्या तिथीला मंदिराची पुनःप्रतिष्ठा झाली. ‘हनुक्का’ या शब्दाचा अर्थच समर्पण, प्रतिष्ठापना असा आहे.

राज्य गेले, दिवा राहिला

यानंतर जे घडले, ते अधिक विचार करण्याजोगे आहे. मक्काबींच्या वंशजांनी स्वतःचे राज्य स्थापन केले. पुढे त्यांनी राजपद आणि महापुरोहितपद ही दोन्ही आपल्याच घरात ठेवली, आपसांत सत्तेसाठी भांडणे केली आणि स्वजनांचेही रक्त सांडले. इ.स. पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी जेरुसलेममध्ये शिरला. इ.स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिरही जमीनदोस्त केले. ज्या राज्यासाठी रक्त सांडले ते उरले नाही. ज्या मंदिराची पुनःप्रतिष्ठा झाली तेही उरले नाही. मग सण कशाचा करायचा?

ज्यू धर्माचार्यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे घरातला दिवा होय. मक्काबींच्या युद्धाचे वर्णन करणारे ग्रंथ ज्यूंच्या पवित्र ग्रंथसंग्रहात नाहीत. ते ग्रीक भाषेत आणि ख्रिस्ती परंपरेत टिकले. तालमूद या महाग्रंथात हनुक्काची चर्चा येते, ती मात्र लढायांची नव्हे, तेलाची. मंदिरात शिरल्यावर महापुरोहिताची मोहोर असलेली तेलाची एकच कुपी शुद्ध स्थितीत सापडली. तेल एका दिवसापुरते होते, पण दिवा आठ दिवस तेवला, ही कथा तेथे आहे. सेनापतीचा पराक्रम इतिहासात राहिला आणि तेलाची कुपी घराघरात गेली.

एक घर, एक दिवा

या दिव्याचे नियम मुळातून पाहण्यासारखे आहेत. किमान कर्तव्य काय? तर एका घरामागे रोज एक दिवा. माणसी नव्हे, गावी नव्हे, घरामागे. सभागृहातही दिवे लावतात, परंतु तेथे दिवे लावल्याने घरातील कर्तव्यातून सुटका होत नाही. ज्याच्यापाशी तेल घ्यायलाही पैसे नाहीत, त्याने अंगावरचे वस्त्र विकून किंवा मागून आणून दिवा लावावा, असे बाराव्या शतकातील थोर आचार्य मायमोनिडीस सांगतात. हे कर्तव्य स्त्रियांवरही तितकेच आहे, कारण संकटात आणि सुटकेत त्याही सहभागी होत्या, असे कारण दिले आहे.

दिव्यांची संख्या रोज वाढवायची की घटवायची, यावर दोन प्राचीन परंपरांमध्ये वाद झाला. शम्माईच्या परंपरेचे म्हणणे असे, की पहिल्या रात्री आठ लावावेत आणि रोज एक कमी करावा. हिल्लेलच्या परंपरेचे म्हणणे असे, की एकापासून आरंभ करावा, कारण पवित्र गोष्टीत चढतेच जायचे असते, उतरायचे नसते. हिल्लेलचे मत मान्य झाले. आज एक दिवा लागला म्हणून खंत करायची नाही. उद्या दोन लावायचे.

आणखी एक नियम असा, की या दिव्याच्या उजेडाचा वापर करायचा नाही. त्या प्रकाशात वाचायचे नाही, शिवणटिपण करायचे नाही, पैसे मोजायचे नाहीत. तो केवळ पाहायचा. म्हणून आठ दिव्यांजवळ एक नववा दिवा असतो. त्याला ‘शम्माश’ म्हणजे सेवक म्हणतात. इतर दिवे त्याच्यावर लावले जातात. आठ रात्रींचे दिवे मोजले तर छत्तीस होतात. सेवकाचे आठ धरले तर चव्वेचाळीस.

आणि दिवा ठेवायचा कोठे? घराच्या दारात, बाहेरच्या बाजूस. दाराच्या उजव्या चौकटीला धर्मवचनांची मेझुझा असते. डाव्या बाजूला दिवा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने तो रस्त्याकडच्या खिडकीत ठेवावा. घटनेची वार्ता जाणाऱ्या-येणाऱ्याला कळावी, हा हेतू. मात्र त्याच ठिकाणी तालमूदने एक वाक्य जोडले आहे, की संकटाच्या काळात दिवा आतल्या मेजावर ठेवला तरी पुरे. दोन हजार वर्षांचा ज्यू इतिहास दार आणि मेज यांच्यातील या अंतरात सामावलेला आहे.

पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंचे सक्तीने धर्मांतर झाले. तेथील बेल्मोंते या डोंगराळ गावात काही कुटुंबे बाहेरून ख्रिस्ती राहिली आणि शुक्रवारी सायंकाळचा शब्बाथचा दिवा मडक्यात लपवून लावत राहिली. शतकानुशतके ही परंपरा मुख्यतः घरातील स्त्रियांनी जपली. १९१७ मध्ये एक पोलिश ज्यू अभियंता तेथे पोहोचला, तेव्हा ती बाहेरच्या जगाला कळली.

याच्या नेमके उलट उदाहरण जर्मनीतील कील शहराचे. १९३१ च्या डिसेंबरात तेथील रब्बी अकिवा पोस्नर यांच्या घराच्या खिडकीत हनुक्काचे दीपपात्र ठेवले होते. समोरच्या इमारतीवर नाझी पक्षाचा ध्वज फडकत होता. रब्बींच्या पत्नी राहेल यांनी दीपपात्र आणि मागचा ध्वज एकाच छायाचित्रात टिपले. १९३३ मध्ये हे कुटुंब कील सोडून निघाले आणि पुढे जेरुसलेमला स्थायिक झाले. ते दीपपात्र जेरुसलेमच्या याद वाशेम संग्रहालयात ठेवले जाते आणि हनुक्कासाठी कुटुंबाच्या घरी परत येते. २०२२ च्या डिसेंबरात ते बर्लिनला नेण्यात आले आणि जर्मन राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत त्यात दिवे लागले. ध्वज कोठे गेला, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तेल्यांच्या घरी तेलाचा सण

या सणाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि सात जोडपी वाचली. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी हे आगमन इ.स. पूर्व १७५ च्या सुमाराचे, म्हणजे अँटायोकसच्याच काळातील मानले. या तिथीविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु तिच्यामागे एक विलक्षण वस्तुस्थिती आहे. हा समाज शब्बाथ पाळत होता, सुंता करीत होता, खाण्याचे निर्बंध सांभाळत होता, ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणत होता. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण अशा मराठमोळ्या नावांनी आपले सण करीत होता. हनुक्का मात्र त्याला ठाऊकच नव्हता! मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेपूर्वीच पूर्वज निघाले असतील, तर ती वार्ता त्यांना कळणार कशी, असा किहीमकरांचा तर्क होता.

यातील योगायोग पाहा. या समाजाचा पिढीजात व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. वर्षभर तेल गाळणाऱ्या या घरांत तेलाचा सण नव्हता. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत कोचीनचे ज्यू शिक्षक कोकणात आणि मुंबईत आले, सभागृहे उभी राहिली, जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि हनुक्का या घरांत आला. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्यामागे ख्रिस्ती धर्मप्रसाराचा हेतू होता. बेने इस्रायलांनी हिब्रू शिकून घेतली आणि ते ज्यूच राहिले.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. परंपरा केवळ रक्ताने मिळत नाही. ती शिकावी लागते. दोन हजार वर्षांनी हाती आलेला सणही घराने मनापासून स्वीकारला, तर एका-दोन पिढ्यांत तो आजीच्या हातचा वाटू लागतो.

कोकणातील बेने इस्रायलांना आपला दिवा मडक्यात लपवावा लागला नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. मुंबईत ज्यांनी दिवा विझवण्याचा प्रयत्न केला ते बाहेरून आले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिवका आणि आणखी चौघे ज्यू मारले गेले. महिन्याभराच्या आतच हनुक्का आला. त्या वर्षीही गेटवे ऑफ इंडियापाशी दिवे लागले.

आधी कोणता दिवा?

१९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आज ती पाच हजारांच्याही आत आहे. बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. रोहा, पेण, अलिबाग या नावांना ‘कर’ जोडून झालेली त्यांची आडनावे तेथेही टिकून आहेत. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथून चालवले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. परंतु कोकणातील ज्या घरांना आज कुलूप आहे, त्यांच्या खिडकीत दिवा लावण्याचे काम कोणतेही शासन करू शकत नाही. एका घरामागे एक दिवा, या नियमाची ही दुसरी, कठोर बाजू आहे. घर गेले की दिवा गेला.

म्हणूनच तालमूदमधील शेवटचा एक प्रश्न ध्यानात ठेवण्याजोगा आहे. समजा, घरात एकाच दिव्यापुरते तेल आहे. त्याच सायंकाळी शब्बाथही आहे आणि हनुक्काही. एक दिवा घरातल्यांसाठी, ज्याच्या उजेडात कुटुंब एकत्र बसून जेवते. दुसरा विजयाची वार्ता जगाला सांगणारा. कोणता लावावा?

उत्तर निःसंदिग्ध आहे. आधी घरातला दिवा. कारण घरातील माणसे अंधारात चाचपडत असतील, तर तेथे शांतता नांदणार नाही. हनुक्काच्या नियमांचे प्रकरण मायमोनिडीस याच निर्णयाने पूर्ण करतात. ज्या समाजाने आपल्या सर्वांत मोठ्या विजयाचा दिवाही घराच्या शांततेपुढे दुय्यम मानला, त्याचे राज्य गेले, मंदिर गेले, तरी घर गेले नाही. रात्र पडताच त्या घरात एक दिवा लागतो, आणि दुसऱ्या रात्री दोन.